लेक्चर कॅन्सल! पण कळवणार कोण?

पहाटेचे साडेपाच. पूनम सागरमधल्या आमच्या बिल्डिंगचा वॉचमन खुर्चीत पेंगतोय आणि सॅक अडकवलेली दोन-तीन पोरं शेअर रिक्षा शोधत निघालीत. मीरा रोडचा हा सीन मी २०१५ ते २०२० अशी पाच वर्षं रोज जगलेय!

कॉलेजं मीरा-भाईंदरमध्येही आहेत. पण आमच्या कॉम्प्लेक्सला 'मुंबईचं' कॉलेजच हवं असतं. जिल्हा ठाणे, महापालिका वेगळी, मन मात्र दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे. त्याची किंमत लोकल वसूल करते. विरारहून सुटलेली गाडी नालासोपारा, वसई, नायगाव, भाईंदर करत आमच्याकडे पोचते तेव्हा सीटचं सोडा, धड उभं राहायलाही जागा नसते. म्हणून हुशार मंडळी आधी उलटी भाईंदरला जातात आणि तिथून सुटणारी लोकल पकडतात. झोप आणखी पंधरा मिनिटं कमी!

माझं पहिलं लेक्चर सात-दहाचं, अंधेरीच्या पुढच्या एका कॉलेजात. धापा टाकत पोचायचं आणि फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं, 'सर आज येणार नाहीत.' कॉलेजजवळ राहणारे घरी जाऊन परत झोपायचे. आम्ही विरार साइडवाले एका कटिंगवर कँटीनमध्ये तीन तास! आणि पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम मात्र दोघांना सारखाच.

आमच्या कॉलेजनं तेव्हा नवं तंत्रज्ञान आणलं ते कुठलं? स्मार्ट बोर्ड. छान होता, पण त्यानं आमचा एक मिनिटही वाचला नाही. वाचवला तो एम-इंडिकेटरनं. सचिन टेके या तरुणानं २०१०मध्ये काढलेल्या या ॲपमध्ये टाइमटेबल तर होतंच, शिवाय प्रवासी आपसात चॅटही करायचे. गाडी कुठे अडकलीय ते अनाउन्समेंटच्या आधी तिथे कळायचं! रिक्षात बसायच्या आधीच ठरवता यायचं, पळायचं की चहा संपवायचा. रेल्वेचं मोबाइल तिकीटही २०१४च्या डिसेंबरात आलं होतं, पण स्टुडंट कन्सेशनच्या पासासाठी आम्ही कॉलेजच्या खिडकीपुढे शिक्क्याच्या रांगेतच.

मग क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. वाटलं, सुटलो! पण आमचा सीआर कॉलेजपासून पाच मिनिटांवर राहणारा. तो उठणार साडेसहाला. 'नो फर्स्ट लेक्चर गाइज' हा मेसेज यायचा तेव्हा मी बोरिवली ओलांडलेली असायची. फोन होता, नेट होतं, मेसेजही फुकट होता. फक्त तो पाठवणाऱ्याला लोकल पकडायची नव्हती!

शेवटी आम्ही सातजणांनी वेगळा ग्रुप काढला, 'विरार साइड'. रोज रात्री दहाच्या आत एकानं सगळ्या सरांना मेसेज करून विचारायचं, आळीपाळीनं. दोन सरांनी सुरुवातीला फटकारलं. तिसरे सर स्वतः वसईचे निघाले! पुढे ते न विचारताच कळवायला लागले. एकदा तर पहाटे पाचला त्यांचा मेसेज, 'ताप आहे, झोपा.' इतका प्रेमळ मेसेज मला आजवर कुणी केलेला नाही.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या धाकट्या भावाला या सगळ्याच्या पुढचं मिळालं. एफवायची लेक्चर्स थेट आमच्या वनबीएचकेच्या किचनमध्ये, मोबाइलवर. आई कुकर लावायची तेव्हा तो माइक म्यूट करायचा. प्रवास शून्य. सुरुवातीला मी जाम जळले! वर्षअखेरीस विचारलं, क्लासमधल्या किती जणांना ओळखतोस? म्हणाला, "तिघांना. त्यातले दोघं पूनम सागरचेच." कँटीनमधल्या त्या फुकट गेलेल्या तासांची तेव्हा मला पहिल्यांदा किंमत कळली. तरी सात-दहासाठी पुन्हा उठशील का, असं विचाराल तर उत्तर नाहीच.

परवा रात्री खालच्या मजल्यावरची श्रुती जिन्यात भेटली. यंदा कॉलेजला गेलीय, पार्ल्याला. हातात फोन, चेहरा पडलेला.

"ताई, उद्याचं पहिलं लेक्चर आहे की नाही, कुणीच सांगत नाहीये ग्रुपवर."

"सरांना विचार ना."

"डायरेक्ट? रागावले तर?"

घड्याळात पावणेदहा झाले होते. मी म्हटलं, "दे इकडे फोन."