ठिणगीची निवड

घरांतल्या वडीलधाऱ्या माणसास आपल्या विषयाबाहेरचा सल्ला द्यावा लागतो, हा एकत्र कुटुंबाचा जुना नियमच आहे. स्थळाविषयीं, विहिरीच्या पाण्याविषयीं, बैलाच्या वयाविषयीं आमच्या वडिलांनीं सल्ले दिले. आम्हांवर प्रसंग आला तो शर्यतीच्या मोटारीतील ठिणगीविषयीं मत देण्याचा. ज्यानें उभा जन्म शब्दरूपें आणि समास शिकविण्यांत घालविला, त्याचा या बाबतींत अधिकार काय, असें वाचक विचारतील. अधिकार नव्हताच, परंतु सामाईक खात्याचा हिशेब आमच्याकडे, आणि पैसा मागणारा आमच्या पुतण्याचा मुलगा. तेव्हां विषय समजून घेणें प्राप्त झालें.

हा नातू ऑकलंडास नोकरीस असतो. १९९३ सालची माझदा आरएक्स-७ ही गाडी शर्यतींत चालविणें हा त्याचा छंद. गेल्या हंगामांत तिचें इंजिन मोडलें. भर वेगांत तें मधूनमधून अडखळत असे. म्हणून दुबळी ठिणगी हेंच मोडण्याचें कारण, असा त्याचा निश्चय झाला, आणि सर्वांत महाग प्रज्वलनसंच घेण्यासाठीं त्यानें घरीं पैसे मागितले. त्याच्या वडिलांनीं साफ नकार दिला. आई तर शर्यतीचें नांव काढलें तरी जेवणावरून उठते. शिवाय धाकट्या बहिणीचें लग्न मार्गशीर्षांत ठरलेलें. प्रश्न ठिणगीचा असला, तरी आग घरांत लागावयाची वेळ आली होती.

त्या गाडीच्या नांवानेंच आम्हांस प्रथम ओढून घेतलें. अवेस्तेंतील अहुर मझ्द याच्या नांवाशीं तें जोडलेलें आहे, असें ती कंपनी सांगते. 'अहुर' म्हणजे वेदांतला 'असुर', आणि 'मझ्दा' ही आपल्या 'मेधा' शब्दाची सख्खी बहीण. मेधेच्या नांवाची गाडी बाळगणारानें मेधा वापरलीच पाहिजे, एवढें आम्हीं नातवास लगेच बजावलें.

आतां या इंजिनाची तऱ्हा. नेहमींच्या इंजिनांत दट्ट्या वरखालीं होतो. फेलिक्स वांकेल या जर्मन कल्पकाचें इंजिन १९५७ सालीं प्रथम चाललें. त्यांत दट्ट्याऐवजीं फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर बंदिस्त पोकळींत फिरतो. रोटरचा एक फेरा होईतों मधला दांडा तीन फेरे घेतो, आणि दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यास प्रत्येक रोटरमागें एक ज्वलन होतें. चार धावांच्या साध्या इंजिनांत प्लगास दोन फेऱ्यांत एकदां ठिणगी लागते; येथें प्रत्येक फेऱ्यास. मिनिटास ९,००० फेरे धरले, तर सेकंदास १५० ठिणग्या झाल्या! शिवाय थंड, ताजें मिश्रण आंत येतें तें पोकळीच्या दुसऱ्या बाजूस; प्लगाच्या वाट्यास सदैव आगच. म्हणून याला उष्णता लवकर टाकणारे, थंड जातीचे प्लग लागतात.

ज्वलनाची जागा लांबट, अरुंद आणि सरकती असल्यामुळें एका ठिणगीनें भागत नाहीं. प्रत्येक रोटरास दोन प्लग असतात. मुख्य काम पुढल्याचें, मागला किंचित् विलंबानें पेटतो. १९९१ सालीं ल मां येथील २४ तासांची शर्यत ज्या माझदा ७८७बी गाडीनें जिंकली, तिच्या चार रोटरांस तर प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण बारा प्लग होते.

नातवापुढें तीन मार्ग होते. पहिला, मूळच्या कॉईली ठेवून त्यांस जोर देणारी पेटी बसविणें. दुसरा, कपॅसिटरची पेटी घेणें. हाच तो महाग संच. तिसरा, प्रत्येक प्लगास स्वतंत्र मोठी कॉईल देणें. कॉईल ही मोटेसारखी आहे. ती भरावयास वेळ लागतो. लवकर ओढली तर अर्धीच वर येते. परंतु तिची धार पुष्कळ वेळ टिकते. कपॅसिटर म्हणजे भरून ठेवलेली घागर. ती एका क्षणांत पालथी होते. तिचा मारा इतका जलद, कीं प्लगावर काजळी असली तरी ठिणगी पडते. मात्र ती ठिणगी फार अल्पायुषी. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालींच या तत्त्वाचें पेटंट घेतलें होतें.

आम्हीं नातवास कोणता संच घे तें सांगितलें नाहीं. पूर्वपक्ष नीट मांड, एवढेंच म्हटलें. अडखळणें हें एक कार्य, मोडणें हें दुसरें. दोहोंस एकच कारण, हें कशावरून? आणि ठिणगी दुबळी असेल, तर ती कॉईलीमुळें कीं आणखी कशामुळें? एकेक गोष्ट बदलून पाहा आणि मला कळव. "आबा, हें तर्कसंग्रहाचें पोर माझ्या गाडींत कशाला बसवतां?" असें तो हंसून म्हणाला, परंतु त्यानें तपास केला.

प्रथम कॉईलीपाशीं विजेचा दाब मोजला. चौदा व्होल्टच्या आसपास हवा, तेथें अकराच भरला. तार जुनी आणि बारीक. जाड तार व नवी अर्थिंग घालतांच साधारण दाबावरचें अडखळणें थांबलें. परंतु टर्बोनें हवा अधिक कोंडली, कीं वरच्या वेगांत तें पुन्हां होई. हवा जितकी दाट, तितकें ठिणगीस उडी मारणें कठीण. त्यांत मूळ रचनेंत दोन्ही पुढल्या प्लगांस मिळून एकच कॉईल. म्हणजे तिला सेकंदास १५० नव्हे, ३०० वेळां भरावें लागतें. मोट बुडण्याआधींच ओढली जात होती. येथवर त्याचा पक्ष खरा ठरला.

मोडण्याची कथा निराळी निघाली. रोटरच्या टोकाची सील तुटली होती. जाणत्या मेकॅनिकानें गाडींतील नोंदी पाहिल्या, तों मागल्या प्लगाचा विलंब फारच कमी केलेला आढळला. मिश्रण वेळेआधीं भडकलें, आणि त्या आघातानें सील गेली. महागांतली महाग ठिणगीही या ठिकाणीं कामास आली नसती. येथें बळ कमी नव्हतें, वेळ चुकली होती.

मग निवड सोपी झाली. स्वतंत्र चार कॉईली घेतल्या, कीं प्रत्येकीस भरावयास दुप्पट अवकाश मिळतो. एक बिघडली तर तेवढीच बदलावी लागते. कपॅसिटरची पेटी वाईट नव्हे. मद्यार्कावर चालणाऱ्या किंवा वरचेवर काजळणाऱ्या इंजिनांत तिचें स्थान आहे. परंतु नातवाचें इंजिन पेट्रोलवर चालतें आणि त्याची गरज तेवढी नाहीं. मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमींत काम झालें. ती रक्कम आम्हीं उसनी म्हणून दिली, लग्नाच्या पैशास हात न लावतां. आणि अट एकच घातली, कीं ठिणगीच्या वेळा लावणाऱ्या जाणत्या माणसाची मजुरी आधीं द्यावी.

यानें आईची भीति गेली, असें आम्ही म्हणणार नाहीं. शर्यत ही शर्यतच. परंतु मुलगा आतां काय मोडलें, कां मोडलें हें तिला फोनवर समजावून सांगतो, आणि ती तें ऐकून घेते. घरांत सुटणारे पुष्कळसे प्रश्न असेच असतात. माणसें महाग उपाय मागतात किंवा सरळ नकार देतात. मधली वाट, म्हणजे आधीं मोजून पाहण्याची, कोणास सुचत नाहीं. जेथें बळ कमी पडतें तेथें बळ द्यावें, जेथें वेळ चुकते तेथें वेळ सुधारावी. एकाचें औषध दुसऱ्यास देऊं नये, एवढेंच आमचें सांगणें.