संत लॉरेन्सची दौलत

रोमच्या ख्रिस्तमंडळाचा कोश सांभाळणारा लॉरेन्स इ. स. २५८ मध्ये बादशहा व्हॅलेरियनच्या कारकीर्दीत मारला गेला. कोश हवाली कर, असा हुकूम होताच त्याने गोरगरीब, लंगडे-आंधळे पुढे उभे केले व हीच आमची दौलत असे सांगितले, अशी आख्यायिका आहे. जाळीवर भाजून मारल्याच्या कथेविषयी इतिहासपंडित साशंक आहेत. आम्हांस तो वाद गौण वाटतो. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने त्याच्या नावे एस्कोरिअल हा प्रचंड मठ-राजवाडा बांधिला (१५६३–८४). आराखडाही म्हणे त्या जाळीसारखा! आमचे मन मात्र रोमच्या तटाबाहेर, त्याच्या थडग्यावरील प्राचीन ख्रिस्तमंदिराकडे ओढ घेते. १९ जुलै १९४३ च्या बाँबवर्षावात ते बरेचसे ढासळले. शेजारच्या कामकरी वस्तीतील माणसे त्या दिवशी शेकड्यांनी मेली. लॉरेन्सच्या हिशेबी गेली ती दौलत हीच. मंदिर पुढे पुन्हा उभारले गेले.