रुस्केआसुओची पागा

फिनलंडची राजधानी हेलसिंकी हिच्या मधोमध सुमारे १० किलोमीटर लांबीचे अरण्य आहे. सरकारदरबारी ते उद्यान. परंतु पाइन आणि स्प्रूसचे वृक्ष तेथे रानासारखेच दाट उभे आहेत. त्याच्या कडेला रुस्केआसुओ ही वस्ती असून तेथे घोड्यांची पागा व अश्वारोहणाची बंदिस्त वास्तू आहे. १९४० च्या ऑलिंपिकसाठी ती उभारली गेली. महायुद्धामुळे तो सोहळा रद्द झाला आणि वास्तूला १२ वर्षे वाट पाहावी लागली.

१९५२ साली घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा, म्हणजे ड्रेसाज, येथेच झाली. स्त्रियांना तीत प्रथमच प्रवेश मिळाला होता. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी ‘ज्युबिली’ या घोडीवर बसून रौप्यपदक मिळवले. १९४४ साली पोलिओने त्यांचे गुडघ्याखालचे पाय लुळे पडले होते. घोड्यावर चढण्या-उतरण्यास दुसऱ्याचा आधार लागे. या पदकाने युरोपातील अनेकांच्या मनात एक प्रश्न रुजवला : जे पाय जमिनीवर चालत नाहीत, त्यांना घोड्याची पाठ काही देऊ शकेल काय?

याच वस्तीत दिव्यांग मुलांची एक जुनी शाळा आहे, आणि फिनलंडमध्ये अश्वारोहण ही आज मान्यताप्राप्त उपचारपद्धती आहे. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाचे स्नायू बहुधा ताठर असतात; मांड्या एकमेकींना चिकटू पाहतात. खोगिराऐवजी मऊ गादीवर बसवल्यास घोड्याच्या अंगाची सुमारे ३८ अंशांची ऊब थेट मांड्यांना मिळते आणि त्या हळूहळू सैल होतात. घोडा संथ चालू लागला की मुलाची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते. निरोगी माणूस चालताना हलते, जवळजवळ तशीच. मिनिटाला साधारण १०० हेलकावे धरले, तर अर्ध्या तासात ३,००० होतात. कधीही न चाललेल्या मुलाच्या शरीराला चालण्याची ही पहिली ओळख असते.

मात्र यास चमत्कार म्हणू नये. मेंदूची इजा घोडा भरून काढत नाही. बसण्याचा तोल आणि धडाची स्थिरता सुधारते, एवढेच जबाबदारीने म्हणता येते. ज्याच्या खुब्याचा सांधा निखळला आहे किंवा झटके आटोक्यात नाहीत, अशा मुलाला डॉक्टरांच्या संमतीविना बसवणे धोक्याचेच.

खर्चाची बाजूही पाहण्याजोगी आहे. ‘केला’ ही तेथील सामाजिक विमा संस्था पात्र मुलांच्या या उपचाराचा खर्च पुनर्वसन म्हणून उचलते. त्यासाठी आईवडिलांना कोणा दात्याचे दार ठोठवावे लागत नाही. आपल्याकडे चाकाची खुर्ची देणारे हात पुष्कळ आहेत, कारण खुर्ची एकदा दिली की हिशोब मिटतो. घोड्याचा चारा, नाल, पशुवैद्य आणि प्रशिक्षित उपचारक यांचा खर्च मात्र दरमहा उभा राहतो. शिवाय त्या मुक्या जीवाला पुरेशी विश्रांतीही द्यावी लागते.

उपचारासाठी घोडा निवडताना वेगाला किंमत नसते. एकाएकी किंचाळणाऱ्या मुलालाही न बिचकणारा, शांत स्वभावाचा घोडा लागतो. उपचारक घोड्याला मुद्दाम थांबवतात आणि वाट पाहतात. बोलू न शकणारे मूल तळव्याने घोड्याची मान थोपटते. मग घोडा पाऊल उचलतो.