टोपाला जागा : दिंद्रुडहून काही टिपणं

टोप विकत घेतला की त्याच्यासोबत एक जाळी मिळते, कधी एखादा कंगवा. स्टँड मिळत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो आणि नेमका तोच राहून जातो. आमच्या भागातल्या बायका कॅन्सरच्या उपचाराला बार्शीला, लातूरला, छत्रपती संभाजीनगरला, नाहीतर थेट मुंबईला टाटाला जातात. परत येताना फाइल असते, गोळ्या असतात आणि एखादीच्या पिशवीत टोप असतो. घरी आल्यावर तो कपाटात साड्यांच्या घडीवर ठेवला जातो. महिन्याभरात मागची बाजू चपटी होते, मानेजवळ गुंता होतो. मग घरातले म्हणतात, टोपच हलका निघाला. बहुतेक वेळा टोप बरा असतो, त्याला घरात जागा दिलेली नसते.

०

स्टँड न घेण्याचं खरं कारण पैसे नाहीत. घडीचा प्लास्टिकचा स्टँड दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि दवाखान्याच्या एका खेपेचं भाडंही याहून जास्त होतं. खरं कारण असं की टोप डब्यात लपवता येतो, स्टँड लपवता येत नाही. टेबलावर स्टँड दिसला की आलेली बाई विचारते, "हे काय?" मग आजार सांगावा लागतो. अजूनही आमच्याकडं हा आजार कुजबुजत सांगतात. बार्शीला 1987 पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवली जाते, देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. खेड्यात हा आजार आहे हे इतकी वर्षं कागदावर आहे. तरी आमच्या दिंद्रुड गावात टोप अजून साड्यांच्या घडीतच.

०

हिशेब मांडून बघा. केमोचा पहिला डोस झाला की साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतात. सगळ्याच औषधांनी गळत नाहीत, पण ज्यांनी गळतात त्यांनी झपाट्यानं गळतात. उपचार चार-सहा महिने चालतो. तो संपल्यावर काही आठवड्यांत लव येते आणि डोकं भरल्यासारखं दिसायला तीन ते सहा महिने जातात. म्हणजे टोपाची गरज आठ-दहा महिन्यांची, कधी वर्षाची. सिंथेटिक टोप रोज वापरला तर चार-सहा महिन्यांत थकतो. नीट ठेवला, नीट धुतला तर तोच टोप बरंच पुढं नेता येतो. नाहीतर अर्ध्या वाटेवर दुसरा घ्यावा लागतो, आणि तोवर घरातला पैसा संपलेला असतो.

०

माझ्या थोरल्या जाऊबाईंसाठी पहिल्यांदा थर्माकोलचं डोकं आणलं होतं. पांढरं, नाक-ओठ असलेलं. दुकानदार म्हणाला, सगळे हेच नेतात. जाऊबाईंनी दोन रात्री कशाबशा काढल्या आणि म्हणाल्या, "रातच्याला उठलं की कुणी बसल्यावानी दिसतंय माय. तोंड नसलेलं काही मिळतंय का बघ." त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. ज्या बाईनं आरशात बघणं सोडलंय तिच्या उशाशी दुसरा चेहरा कशाला? तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते : चेहरा नसलेला स्टँड घ्या.

०

प्रकार फार नाहीत.

घडीचा स्टँड : प्लास्टिकच्या दोन-तीन चपट्या पट्ट्या खाचांत बसवल्या की वर घुमट तयार होतो, खाली बैठक. आतून सगळा पोकळ, त्यामुळं टोपाच्या जाळीला चारही बाजूंनी हवा लागते. धुतलेला टोप यावरच वाळवावा. प्रवासात पिशवीत चपटा जातो. पाहुणे आले आणि दाखवायचा नसला तर घडी करून फडताळात जातो, आणि आमच्या घरांत हा गुण मोठा आहे. दोष एकच, वजनाला हलका. उन्हाळ्यात कूलर चालू असला की टोपासकट आडवा होतो. बैठकीवर वजन ठेवावं किंवा टेबलाच्या पायाला दोरीनं बांधावा.

थर्माकोलचं डोकं : स्वस्त. कोरडा टोप ठेवायला चालतं. पण आतून भरीव, हवा जात नाही. ओला टोप त्यावर ताणून बसवला तर जाळी सैल पडते आणि आतला ओलावा कुबट वास धरतो.

कापडी, आत भुसा किंवा बुचाचा चुरा भरलेलं जड डोकं : हे टेबलाला शिकंज्यानं आवळून बसवतात आणि त्यात टाचण्या टोचता येतात. टोप कापायला, वळणं द्यायला पार्लरवाल्यांना हेच लागतं. घरी एका टोपासाठी एवढा खर्च करू नये.

०

माप. शिवणकामाची टेप घ्या. कपाळावर केस सुरू होतात तिथून, कानांच्या वरून, मागं मानेच्या खळग्यापर्यंत फिरवून आणा. बहुतेक बायकांचं माप 21 ते साडेबावीस इंचांच्या दरम्यान येतं. स्टँडचा घुमट यापेक्षा थोडा लहान हवा. मोठा असला तर रात्रभर जाळी ताणली जाते आणि सकाळी टोप डोक्यावर फिरायला लागतो. दुसरं माप उंचीचं, ते कुणी घेत नाही. टोपाचे केस जितके लांब, तितका स्टँड उंच हवा. टोकं टेबलाला टेकली की तिथंच वाकतात, आणि सिंथेटिक केसाला बसलेली वाकण सहजी जात नाही. लांब केसांचा टोप असेल तर स्टँड पालथ्या डब्यावर ठेवा, केस चहूबाजूंनी मोकळे लोंबू द्या.

०

माझ्या आजीचं गंगावन खुंटीला असायचं. लांब, काळं, वेणीसारखं गुंफलेलं. लग्नकार्य आलं की तेलाचा हात लावून अंबाड्यात बसवायची. खुंटीवर गंगावनाचं काही बिघडत नाही, कारण त्याला जाळीच नसते. टोप मात्र खुंटीला टांगू नये. खुंटीचं टोक जाळीत घुसतं, तिथं कोंब उठतो आणि मग डोक्यावर बरोबर त्याच जागी केस उभे राहतात.

०

घरच्या घरी करायचं तर काचेची किंवा प्लास्टिकची मोठी बाटली पाण्यानं भरा, तोंडावर जुन्या सुती लुगड्याचा गोळा घट्ट बांधा, वर टोप. कोरड्या टोपाला हे पुरतं. ओल्याला नाही, कापडाचा गोळा पाणी धरून बसतो. एकीच्या घरी काठीवर पालथं गाडगं घातलेलं पाहिलं. हवा छान लागते, भाजलेली माती ओलही शोषते. पण रानातल्या बुजगावण्याचं मुंडकं अस्सं गाडग्याचंच असतं. आजारातून उठणाऱ्या बाईपुढं ते ठेवू नये.

०

गुंतवळावर भांडी देणारे अजून गल्लीत येतात. बायका विंचरलेले केस वर्षभर भिंतीच्या भोकात, पिशवीत साठवतात आणि त्यावर स्टीलची वाटी घेतात. हे केस पुढं कुठं जातात याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. कर्नाटकातल्या कोप्पळजवळ भाग्यनगरला अशा केसांचा मोठा धंदा आहे. तिथं बायका बसून ते सोडवतात, लांबीप्रमाणे निवडतात. तिरुपतीला दिलेले केस वेगळ्या वाटेनं जातात, देवस्थान त्यांचा ई-लिलाव करतं. कच्चे केस परदेशी पाठवण्यावर केंद्र सरकारनं जानेवारी 2022 मध्ये निर्बंध आणले.

वापरणाऱ्या बाईला यातलं एकच कळायला हवं. मुंडनाचे केस एका दिशेचे असतात, मुळं एकीकडं, टोकं एकीकडं. गुंतवळातले उलटसुलट मिसळलेले असतात. केसावर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. तेव्हा खऱ्या केसांचा टोप घेताना हे विचारून घ्यावं. आणि टोप कुठलाही असो, रात्री स्टँडवर ठेवल्यावर रुंद दातांचा कंगवा आधी टोकांना, मग थोडं वर, असा न्यावा. मुळापासून ओढला तर जाळीतले केस उपटून येतात.

०

पदर. बाहेरच्या सल्ल्यांत हा विषय येतच नाही. आमच्याकडं थोरल्यांसमोर डोक्यावर पदर लागतो. नायलॉन किंवा जॉर्जेटचा पदर दिवसभर सिंथेटिक टोपावर घासला की मागचे केस झिपरतात, उभे राहतात, आणि पदर घसरला की टोपही मागं सरकतो. सुती पदर बरा. खाली डोक्याला पातळ सुती टोपी घातली तर टोप जागचा हलत नाही, घामही टिपला जातो आणि केमोनंतर हुळहुळं झालेलं डोकंही टोचत नाही. गजरा माळायची हौस असेल तर जरूर माळावा, पण आकडा केसांच्या बटेत अडकवावा, जाळीत नाही.

०

भाकरी करताना टोप डोक्यावर नको. चुलीची धग, तव्याची झळ, कुकरची वाफ यांनी साधा सिंथेटिक केस एका झटक्यात आखडतो, पुढच्या बटा खरखरीत होतात आणि त्या परत सरळ होत नाहीत. स्वयंपाकाला सुती रुमाल बांधा, टोप स्टँडवर, आणि स्टँड स्वयंपाकघराबाहेर. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीतही तो नको, तिथं दुपारी भट्टी होते. घरातली त्यातल्या त्यात गार, उन्हाची तिरीप न येणारी जागा त्याला द्यावी. धुळीसाठी रात्री पातळ मलमल वरून सैल टाकावी. प्लास्टिकची पिशवी घालू नये.

०

धुणं. उन्हाळ्यात रोज वापर असेल तर आठवड्या-पंधरवड्यानं. बादलीत गार पाणी, त्यात थोडा सौम्य शाम्पू. टोप बुडवून वर-खाली हलवायचा, चोळायचा नाही. शिकेकाई नको, तेल तर मुळीच नको. आमच्या बोअरचं पाणी जड, त्याचे क्षार केसांवर बसून चमक जाते. शेवटचं पाणी जारचं घ्यावं. मग पंच्यात दाबून पाणी टिपायचं. पिळायचं नाही. मग घडीच्या स्टँडवर, सावलीत. पूर्ण वाळेपर्यंत सिंथेटिक टोपाला कंगवा लावू नये, ओल्यात केस ताणला जातो. जाऊबाई रात्री धुऊन ठेवायच्या आणि सकाळी झाडझूड झाली की घालायच्या.

०

शाळेच्या गॅदरिंगला ड्रेपरीवाल्याकडून येणारे टोप बघा. एकाच पोत्यात ऋषींच्या जटा, मावळ्यांच्या दाढ्या, राण्यांचे अंबाडे कोंबलेले. दोन तासांच्या नाटकाला ते चालतं. रोज टोप घालून बाजारात, दवाखान्यात, लग्नात जाणाऱ्या बाईला चालत नाही.

०

केस गळायच्या आधीच टोप आणि स्टँड दोन्ही आणून ठेवावेत. केस असताना आपला रंग, भांग, पुढची बट यांचा फोटो काढून ठेवावा, टोप निवडताना तो दाखवता येतो. गळती सुरू झाल्यावर दुकानात जायचं बळ नसतं, मनही नसतं.

०

आणि ज्यांचे केस परत आले त्या बायांना हात जोडून एक सांगणं. टोप माळ्यावर टाकू नका, पोरांना खेळायला देऊ नका. धुवा, नीट वाळवा, विंचरा. तुम्ही ज्या दवाखान्यात जात होता तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा, वॉर्डात कुणाला हवा आहे का. आणि देताना स्टँडसकट द्या.