बरोबरसाठी एक शब्द

वाघ्याला मी साखळीने शिकवलं. ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, आणि तोंडाने दरडावणी. 'बस' म्हटल्यावर बसला नाही की हिसका. चालताना पुढे ओढायला लागला की हिसका. माणसं जेवायला बसलेली असताना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की 'हाड'. अकरा वर्षं तो आमच्याकडे होता. मी नुसता घसा खाकरला तरी उठून ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन पडायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, कुत्रं असावं तर असं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आज वाघ्या आठवला की मला त्याचे कान आठवतात. मी खुंटीवरची साखळी काढली की ते मागे जाऊन डोक्याला चिकटायचे. मान खाली, शेपूट पायांत, आणि जिभेने एकदा स्वतःचं नाक चाटायचा. 'धाक आहे त्याला माझा,' असं मी कौतुकाने सांगत असे. शब्द अगदी बरोबर होता. त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला वाघ्या गेल्यानंतर सहा वर्षं जावी लागली.

माझं मत काय होतं ते आधी सरळ सांगतो. कुत्र्याला खाऊ देऊन शिकवणं म्हणजे लाच देणं, असं मी मानत होतो. नोकरीभर मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. लाच या शब्दाचीच मला चीड आहे. आज हातात तुकडा आहे म्हणून बसेल, उद्या हात रिकामा दिसला की पाठ फिरवेल. शिवाय कुत्रा मूळचा लांडगा, कळपात म्होरक्या एकच असतो, घरात तो म्होरक्या आपण झालं पाहिजे, नाहीतर कुत्रं डोक्यावर बसतं, हे मी ऐकलेलं होतं आणि चारचौघांना ऐकवलेलंही होतं.

मग चिंगी आली. मोटारसायकलच्या धडकेने मागचा पाय दुखावलेलं हे चार महिन्यांचं पिल्लू माझ्या मुलीने गल्लीतून उचलून आणलं. पाय महिन्याभरात सावरला. अडचण वेगळीच होती. मी जरा आवाज चढवला की चिंगी जागच्या जागी आडवी व्हायची आणि मुतायची. मी रागवायचो, ती आणखी मुतायची. मला वाटायचं, मुद्दाम करते. एके दिवशी चौथ्यांदा फरशी पुसताना मी तिच्यावर हात उगारला आणि मुलगी मध्ये आली.

"बाबा, ती तुम्हाला खिजवत नाहीये. ती तिच्या परीने हात जोडतेय. तुम्ही आणखी रागावता, मग ती आणखी हात जोडते."

दुसऱ्या दिवशी तिने मला एक काम दिलं. कालव्यावरच्या दिवसांपासून रोजची नोंद लिहायची मला सवय आहे, हे तिला ठाऊक. "आज दिवसभर चिंगीशी जे जे बोलाल ते वहीत लिहा," म्हणाली. संध्याकाळी वही उघडली. नाही. हाड. ए. सोड. गप. हट. खाली उतर. चावू नको. तिकडे कुठे. असे एकूण सतरा शब्द आणि बोल, काहींपुढे दहा-दहा रेघा. सगळे चूक सांगणारे. दिवसभरात तिने काही बरोबरही केलं असणारच. दुपारी दोन तास ती माझ्या खुर्चीपाशी शांत पडून होती. त्याबद्दल वहीत अक्षर नव्हतं. जिला आपली भाषा येत नाही तिला मी सतरा परींनी 'हे नको' सांगत होतो. मग हवं काय, हे तिने कशावरून ओळखायचं?

मुलीचा उपाय साधा होता. बरोबर सांगणारा एक शब्द ठरवायचा. शिकवणारे लोक त्याला 'मार्कर' म्हणतात. तो छोटा हवा, दर वेळी एकाच सुरात म्हणता यायला हवा आणि घरात एरवी कुणाच्या तोंडी नसावा. 'शाब्बास' लांब पडतो, आणि तो आम्ही नातवालाही म्हणतो. 'हां' तर फोनवर सारखं चालूच असतं. आम्ही 'टक' ठरवला.

पहिले दोन दिवस चिंगीकडून काहीच करून घ्यायचं नव्हतं. 'टक' म्हणायचं आणि लगेच उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा द्यायचा. दहा-बारा वेळा झालं की थांबायचं. रशियात इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना, अमुक खुणेमागून खाणं येतं हे कळल्यावर, नुसत्या खुणेनेच लाळ सुटायची, हे मी शाळेत शिकलो होतो. ते आपल्या ओसरीवर कामाला येईल असं कधी मनात आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, तुळशीपाशी, चिंगी आपली आपण बसली. मी ब्रश बाहेर काढून म्हणालो, "टक." तिचे कान ताठ झाले. गर्रकन मान वळली आणि ती धावत माझ्यापाशी आली. खिशात तुकडा होता, तो दिला. तो खाऊन ती माझ्यासमोर बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हेच ना? वाघ्याने अकरा वर्षांत मला एकही प्रश्न विचारला नव्हता.

हा शब्द काम करतो तो वेळेमुळे. कुत्रं बसलं, आपण खिशात हात घातला, तुकडा काढला, वाकलो. तोवर ते उठलेलं असतं आणि तुकडा मिळतो तो उठल्याबद्दल. 'टक' मात्र त्याच क्षणी पोचतो, मग खाऊ थोडा मागून आला तरी चालतो. बी. एफ. स्किनर यांनी १९५१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात प्राण्यांना कसं शिकवावं यावर लेख लिहिला, त्यात अशा खुणेसाठी दाबलं की टक वाजणारं मुलांचं खेळणं सुचवलं होतं. त्यांच्याकडे शिकलेलं ब्रेलँड जोडपं, केलर आणि मॅरियन, तर प्राणी शिकवण्याचा व्यवसायच करत होतं. कृती आणि खाऊ यांना जोडणाऱ्या या आवाजाला ते पूल म्हणत.

तरी माझं मत खरं हललं ते डॉल्फिनमुळे. कॅरन प्रायर १९६० च्या दशकात हवाईत डॉल्फिनना शिकवत असत. १९८४ मध्ये त्यांचं 'डोन्ट शूट द डॉग' हे पुस्तक आलं, ते मुलीने मला वाचायला दिलं. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही. त्याला हिसका देता येत नाही. रागावलात तर तो सरळ पोहत दूर जातो. म्हणून तिथे शिट्टी आणि मासळी. ते वाचलं आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. माझ्या हातात साखळी होती, म्हणून शिकवायचं कसं हे मला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

लाचेच्या आक्षेपाचं उत्तर माझ्याच नोकरीत निघालं. लाच कामाआधी दाखवतात, मजुरी काम झाल्यावर देतात. कालव्याच्या दुरुस्तीवर आलेल्या मजुराला हजेरीपटावर सही घेऊन पैसे दिले, त्याला मी कधी लाच म्हटलं नाही. नाकापुढे तुकडा नाचवत 'बस, बस' करत राहणं ही मात्र लाचच. म्हणून तुकड्यामागे नाक फिरवून बसवायचं ते दोन-तीनदाच. पुढे रिकाम्या हाताने तीच खूण, ती बसली की 'टक', आणि मग हात खिशाकडे. हात आधी खिशाकडे गेला की कुत्रं शब्द ऐकत नाही, हात बघतं. आणि एकदा 'टक' म्हटलं की तुकडा द्यायचाच, चुकून तोंडातून गेलं तरी. दिलेला शब्द पाळायचा. खाऊ जाईल तेवढं रोजच्या जेवणातून कमी करायचं. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट यांनी कुत्र्याला विषबाधा होते, ते तोंडाला लागू द्यायचं नाही. आता 'बस' तिला पक्कं येतं. तिथे दर वेळी तुकडा लागत नाही. फाटक उघडून फिरायला नेणं एवढंही तिला पुरतं.

म्होरक्याची समजूतही गेली. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून ती निघाली होती. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती दूरवर पसरली. पुढे कॅनडाच्या उत्तरेला एल्समेअर बेटावर वर्षानुवर्षं रानातले लांडगे पाहून त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप बहुधा एक कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची पिल्लं. जन्म लांडग्यांत घालवलेला माणूस आपलंच लिहिलेलं दुरुस्त करतो, तर वाघ्याबद्दल लिहायला मी कचरू नये, असं मला तेव्हा वाटलं.

सगळ्यांत खोल रुतलं ते पोर्तुगालमधलं संशोधन. पोर्तो विद्यापीठातल्या संशोधकांनी ते २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी ९२ पाळीव कुत्रे पाहिले, काही खाऊने शिकवणाऱ्या वर्गांतले, काही धाकाने शिकवणाऱ्या. धाकाच्या वर्गांतल्या कुत्र्यांवर शिकताना ताण जास्त दिसला. ओठ चाटणं आणि जांभया ही त्याची लक्षणं. वाघ्याचं नाक चाटणं डोळ्यांपुढे आलं. मग आणखी एक प्रयोग होता. खोलीत एका जागी ठेवलेल्या भांड्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या जागच्या भांड्यात कधीच नाही, हे कुत्र्यांना शिकवलं आणि मग भांडं मधल्या जागी ठेवलं. धाकाने शिकलेले कुत्रे त्या मधल्या भांड्याकडे हळू गेले. त्यात आपल्यासाठी काही असेल, ही आशाच त्यांना कमी होती. वाघ्याला हाक मारली की तो येत असे, पण संथ, एक एक पाऊल टाकत. मी त्याला शिस्त समजत होतो.

वाघ्याला रेबीजची लस टोचायची म्हणजे तोंडाला सुतळी बांधून दोघांनी दाबून धरावं लागायचं. पुढे पुढे तर दवाखान्याच्या वळणावरच तो कापायला लागायचा. यंदा चिंगीच्या लसीआधी दोन महिने मी तिला एकच गोष्ट शिकवली: पाटावर हनुवटी टेकवून थांबायचं. हनुवटी पाटावर आहे तोवर मी तिची कातडी चिमटीत धरणार, बिनसुईची सिरिंज टेकवणार. तिने हनुवटी उचलली की माझा हात आहे तिथे थांबणार. पहिल्या आठवड्यात ती क्षणभर टेकवायची. टक. मग तीन मोजेपर्यंत. टक. मग चिमटीसकट. टक.

दवाखान्यात पाट घेऊन गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. चिंगीने हनुवटी टेकवली. सुई जवळ येताच उचलली.

"डॉक्टर, थांबा," मी म्हणालो.

ते थांबले. चिंगीने सुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात मांडीवर ठेवले. खोलीत कुणी बोललं नाही. थोड्या वेळाने तिने आपण होऊन हनुवटी पुन्हा पाटावर ठेवली आणि डोळे वर करून माझ्याकडे बघत राहिली. सुई आत गेली, बाहेर आली.

"टक," मी म्हणालो. आवाज नेहमीच्या सुरात लागला नाही. तरी तिला कळलं.