उंदराची सतरंजी

माझ्या आयुष्याचीं जवळजवळ तीस वर्षें दुसऱ्यांना गुण देण्यांत गेलीं आहेत. उत्तरपत्रिका हातांत घेतली कीं पहिल्या पानावरूनच लिहिणाराची कुवत, आणि क्वचित् त्याच्या मास्तरांचा आळसहि, मला दिसूं लागतो, अशी माझी समजूत आहे. त्यामुळें एखाद्या वस्तूविषयीं कोणी माझें मत विचारलें तर ‘मला त्यांतलें कांहीं कळत नाहीं’ असें मी सहसा म्हणत नाहीं. प्राध्यापकाच्या तोंडीं तें वाक्य शोभत नाहीं, असें आमच्या धंद्यांतल्या पुष्कळांना वाटतें. पण गेल्या आषाढांत एका हातभर कापडाच्या तुकड्यानें तें वाक्य माझ्याकडून वदवून घेतलें.

“बाबा, मला एक पॅड पाहिजे,” चिरंजीव एके दिवशीं जेवतांना म्हणाले.

मला झालेला आनंद लपवितां आला नाहीं. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या त्याच्या दोन वाऱ्या झाल्या होत्या. पहिल्या वारीनंतर तो एक वर्ष नांदेडला खोली घेऊन राहिला आणि दुसऱ्या खेपेला गुण पहिल्याहूनहि कमी मिळाले. निकाल लागल्यापासून तो हिंगोलीस घरींच होता आणि रात्रीं उशिरापर्यंत त्याच्या खोलींतून बंदुकांचे आवाज येत. परीक्षेला बसणारीं पोरें कागद ठेवण्यासाठीं चिमट्याची जी पाटी नेतात, तिला आमच्याकडे पॅडच म्हणतात. अर्थात् मुलगा तिसऱ्या वारीस निघाला, असा मीं अर्थ लावला आणि ‘दोन आण’ म्हणून सांगितलें.

“तें नव्हे, बाबा. माउसच्या खालीं घालायचं. खेळायला. नऊशें रुपये पडतात.”

“उंदराला आतां सतरंजीहि!” आमच्या सौभाग्यवती भाकरी वाढतां वाढतां म्हणाल्या. त्या हंसल्या, मला मात्र हंसूं आलें नाहीं.

माझ्या टेबलावर जाड कांच आहे. तिच्याखालीं निरनिराळ्या वर्षांच्या निरोपसमारंभांचे फोटो ठेवले आहेत. इतकी गुळगुळीत जागा घरांत असतां नऊशें रुपये कशाला, असें म्हणून मीं त्याचा माउस त्या कांचेवर ठेवला. पडद्यावरचा बाण आधीं जागचा हलेना. मग एकदम कोपऱ्यांत जाऊन बसला. मुलगा समजावूं लागला. हल्लींच्या माउसच्या पोटांत एक इवलासा कॅमेरा असतो. खालच्या पृष्ठभागाचीं तो सेकंदाला हजारों चित्रें घेतो, आणि लागोपाठच्या चित्रांतल्या खुणा जुळवून माउस कोणीकडे व किती सरकला तें ठरवितो. स्वच्छ कांचेंतून प्रकाश आरपार निघून जातो. तिथें खूण कसली सांपडणार? विणलेल्या कापडावर मात्र धागा न् धागा ही एक खूणच. माउस बिचारा कांचेवर आंधळा झाला होता.

मला ठाऊक होता तो माउस निराळा. आमच्या कॉलेजांत संगणक नवे होते तेव्हां माउसच्या पोटांत एक गोळी असे. ती टेबलावरून गडगडे आणि मराठवाड्याची धूळ इमानानें गोळा करी. शिपाई मधून मधून ती काढून रुमालानें पुसून देई. मुलाशीं वाद घालायचा तर तयारी हवी, म्हणून मीं त्याहि मागचा इतिहास वाचून काढला. डग्लस एंगेलबार्टच्या कल्पनेवरून १९६४ सालीं बिल इंग्लिशनें जो पहिला माउस बनविला तो लांकडी ठोकळ्याचा होता आणि त्याला खालीं दोन चाकें होतीं. १९६८ च्या डिसेंबरांत सॅन फ्रॅन्सिस्को येथें एंगेलबार्टनें तो लोकांपुढें चालवून दाखविला. त्या प्रयोगासाठीं मेज तयार करणारा जॅक केली यानें पुढच्या वर्षीं माउससाठीं पहिली गादी बनविली, असें त्यानेंच सांगितलें आहे. म्हणजे उंदीर आधीं आला आणि सतरंजी पांच वर्षांनीं. हा मुद्दा मीं मोठ्या विजयानें मांडला. “पण ते लोक काउंटर-स्ट्राइक खेळत नव्हते, बाबा,” एवढेंच उत्तर मिळालें.

शेवटीं तडजोड निघाली. त्याच्यापाशीं एका मित्रानें टाकून दिलेली जुनी गादी होती. नवी मागवावी, दोहोंची परीक्षा घ्यावी आणि नवी निःसंशय सरस ठरली तरच ठेवावी, नाहीं तर परत करावी. परीक्षक अर्थातच मी.

नवी गादी आली ती काळी, पंचेचाळीस सेंटीमीटर लांब, चाळीस रुंद. वर बारीक विणीचें पॉलिस्टर, खालीं टेबलाला धरून बसणारें रबर. इतका ऐसपैस पसारा कशासाठीं, हा माझा पहिला प्रश्न. नेम बारीक लागावा म्हणून या खेळांतले चांगले खेळाडू बाणाचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. त्यामुळें पडद्यावरच्या शिपायाला एक पूर्ण गिरकी द्यायची तर आमच्या चिरंजीवांना हात चाळीस सेंटीमीटर न्यावा लागतो. गादी वीतभर असली कीं शिपायाची गिरकी अर्ध्यावर येते तोंच माउस गादीखालीं उतरतो, आणि तो उचलून पुन्हा मध्यें ठेवीपर्यंत शिपाई मेलेला असतो. हें गणित मला निमूटपणें मान्य करावें लागलें.

जुनीच्या कडा उसवल्या होत्या. न्यायानें परीक्षा व्हायची तर तिलाहि धड अंगानें उभें केलें पाहिजे, म्हणून ती घेऊन मी बाजारांतल्या शिंप्याकडे गेलों. त्यानें अंगठा व तर्जनी यांमध्यें धरून ती चोळून पाहिली. “सर, कापड चांगलंय, पण मधीं घाम मुरलाय,” तो म्हणाला, आणि रबराला सुई जड जाते अशी कुरकुर करीत त्यानें चारी कडा शिवून दिल्या. हातानें वस्तु ओळखण्याची ही विद्या माझ्या घराण्यांत होती. वसमतच्या बाजारांत आमच्या वडिलांची हळद जाई तेव्हां व्यापारी ढिगांतलें एक हळकुंड उचलून मोडी, तें कसें तुटतें, तुटतांना आवाज कसा येतो, आंतला रंग कसा आहे तें पाही, आणि मगच भाव बोले. वडिलांची वर्षाची मेहनत त्या एका ‘कट्’ आवाजांत असे. मी इंग्रजी शिकलों आणि छापील कागदांवरून भाव ठरवूं लागलों.

घरीं येऊन पाहतों तों माझ्या कपाटांतली, जॉन्सन आणि हॅझलिट ज्या फळीवर बसत, ती फळी जमिनीवर आडवी होती. मुलानें तिच्यावर गादी पसरली होती, तीवर बिनवायरीचा माउस ठेवून तो फळीचें एक टोंक हळूहळू उचलीत होता आणि माउस घसरूं लागतांच कोनमापकानें कोन मोजीत होता. वहींत रकाने आंखलेले. जुनी गादी, कडेला : अकरा अंश. जुनी, मध्यें : पंधरा. नवी, सर्वत्र : दहा. प्रत्येक माप तीनदां घेतलेलें आणि शेजारीं कोनाचा टॅन काढून स्थितिक घर्षणाचा गुणांक लिहिलेला.

“म्हणजे जुनी ही एक नव्हे, दोन गाद्या आहेत,” तो म्हणाला. “मधून कडेला जातांना हात फसतो.” पुढें दोन दिवस पावसाची झड लागली तेव्हां त्यानें कोणी न सांगतां पुन्हा मोजलें : नवी, दमट हवेंत : बारा. ही नोंद नव्या गादीच्या विरुद्ध जाणारी होती आणि ती त्याला स्वतःला हवी होती, तरी त्यानें ती खोडली नव्हती. घर्षणावरचीं गणितें या मुलाला सुटत नाहींत, असें मला शिकवणीवाल्यांनीं वर्षभर सांगितलें होतें आणि मीं तें मानलेंहि होतें.

“पण फळीवर अर्धंच कळतं,” तो म्हणाला. “माउस हलायला किती जोर लागतो तेवढंच. हवा तिथं थांबतो का, तें हातालाच कळेल. तुम्ही बसा.”

मी बसलों. लहानपणीं कॅरमवर पावडर जास्त झाली कीं सोंगटी भोंकाच्या कडेवर न थांबतां पलीकडे निघून जाई. तसें माझें झालें. प्रत्येक शत्रूच्या अंगावरून माझा नेम पुढें जाई. जुन्या गादीवर तो शत्रूच्या अलीकडेच थांबे. मी सात वेळां मेलों. आठव्या खेपेस मी एका भिंतीआड दबा धरून बसलों असतां मुलगा माझ्या खुर्चीमागून म्हणाला, “बाबा, मी तिसऱ्यांदा बसणार नाहीं.”

माझे डोळे पडद्यावर होते. ते त्याच्याकडे असते तर तो कदाचित् बोललाच नसता.

“मग काय करणार?”

“बी.एस्सी. फिजिक्स. इथंच.”

तेवढ्यांत मला कोणीतरी मागून गोळी घातली. मी उठलों. “कोणती बरी?” त्यानें विचारलें. “मला त्यांतलें कांहीं कळत नाहीं,” मी म्हणालों, आणि बाहेर अंगणांत जाऊन उभा राहिलों.

चार दिवस मी त्याच्याशीं त्या विषयावर बोललों नाहीं. नांदेडच्या खोलीचें भाडें, शिकवणीची फी, आमच्या गल्लींतल्या दोन घरांवर लागलेल्या डॉक्टरांच्या पाट्या, हें सगळें मनांत येऊन गेलें. तें आलें नाहीं असें म्हणणें खोटें होईल. डॉक्टराचा बाप म्हणवून घेण्याची हौस मला होती. सौभाग्यवतींना मुलाचा बेत महिनाभर आधींच ठाऊक होता, हें मला पांचव्या दिवशीं कळलें. त्या दिवशीं मीं तो आंखलेल्या रकान्यांचा कागद मागून घेतला आणि माझ्या टेबलावरच्या कांचेखालीं, एका निरोपसमारंभाच्या फोटोवर, सरकवून ठेवला. सौभाग्यवतींनीं तो पाहिला. मला कांहीं विचारलें नाहीं.

नवी गादी परत गेली नाहीं. प्रवेशअर्जाची मुदत संपायला दोन दिवस राहिले तेव्हां मुलानें मला पुन्हा संगणकापुढें बसविलें. पालकाचा व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न मींच भरावें असें त्याचें म्हणणें. तें भरून झालें. मुख्य विषयाची यादी उघडली. मीं माउस सरकवला तों बाण पदार्थविज्ञानावरून घसरून थेट प्राणिशास्त्रावर जाऊन थांबला. मुलगा कांहीं बोलला नाहीं, पण त्याचा श्वास अडकलेला मला ऐकूं आला.

“हळू, बाबा,” थोड्या वेळानें तो म्हणाला. “ही वेगाची आहे. मनगट खालीं टेकवा.”

मीं मनगट टेकलें आणि बाण दोन ओळी वर आणला.