विळा आणि वणवा

उत्तर अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, कॅलिफोर्नियापासून टेक्सासपर्यंत आणि खाली मेक्सिकोपर्यंत, वर्षातील बराच काळ कोरड्या राहणाऱ्या ओहोळांच्या वाळूत आणि गोट्यांत एक करड्या-हिरव्या रंगाचे गवत वाढते. तेथील लोक त्याला 'डिअरग्रास', म्हणजे हरिणगवत, म्हणतात आणि वनस्पतिशास्त्र त्याला म्युलेनबर्गिया रायजेन्स या नावाने ओळखते. यातील पहिला शब्द पेनसिल्व्हेनियातील धर्मोपदेशक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म्युलेनबर्ग (१७५३–१८१५) यांचे स्मरण जपतो, तर दुसऱ्याचा अर्थ 'ताठ' असा आहे. आणि उन्हाळा सरताना पात्यांच्या कारंज्यातून दीड मीटर उंचीपर्यंत सरळ उभे राहणारे त्याचे बारीक तुरे पाहिले की त्या नावाची यथार्थता पटते.

हरळी जमिनीवरून धावत जाते; हरिणगवत मात्र ठोंबाने वाढते, म्हणजे त्याचे सारे फुटवे एकाच बुडख्यातून निघतात आणि तो बुडखा वर्षागणिक रुंदावत जातो. म्हणूनच लागवड करताना दोन रोपांत सव्वा मीटरचे अंतर सोडावे लागते आणि सुरुवातीला उघड्या दिसणाऱ्या जमिनीकडे धीराने पाहावे लागते. भरपूर ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा एवढीच त्याची मागणी असते. पहिल्या उन्हाळ्यात आळ्यात सावकाश, खोलवर मुरेल असे पाणी दिले की मुळे ओलाव्यामागे खाली उतरतात, आणि एकदा ती उतरली की पुढे कडक उन्हाळ्यात अधूनमधून दिलेले पाणीही पुरते. सावलीत किंवा खताच्या अतिरेकात मात्र हेच ताठ गवत लोळू लागते.

त्याला खरा धोका असतो तो स्वतःच्याच गतकाळाचा. जुनी पाती वाळूनही ठोंबातच अडकून राहतात, आणि त्यांच्या दाटीत नव्या फुटव्यांना उजेड मिळत नाही. योकट्स, मोनो, कुमेयाय अशा कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. दर काही वर्षांनी ते या गवताला हेतुपूर्वक आग लावत, वाळलेला भार जळून जाई, जमिनीलगतचा बुडखा जिवंत राही आणि त्यातून सरळ, लांब दांडे नव्या जोमाने वर येत. अशा दांड्यांची जुडी वेटोळ्यांत फिरवून आणि तिच्यावर मुळांचे चिरलेले धागे घट्ट गुंफून तेथील स्त्रिया टोपल्या विणत, आणि ती वीण इतकी दाट असे की टोपलीत पाणी भरून, तापवलेले दगड सोडून, ओकच्या फळांच्या पिठाची पेज शिजवता येई. एका मोठ्या टोपलीला हजारो दांडे लागत. म्हणजे त्या अन्नामागे आगीने राखलेले गवताचे अख्खे रान उभे असे. आज बागेत, हिवाळा संपता संपता, दोन-तीन वर्षांतून एकदा वीतभर बुडखा राखून ठोंब कापला जातो, तेव्हा विळा त्या जुन्या आगीचेच काम पार पाडत असतो.

परंतु हीच आग सर्वत्र पालक ठरत नाही. बागेच्या शोभेसाठी ॲरिझोनात आणलेले 'फाउंटन ग्रास' हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील गवत आपल्या बाजरीचे जवळचे नातलग आहे. त्याचे वाऱ्यावर उडणारे बी कुंपणाबाहेर पडले आणि सोनोरन वाळवंटात पसरले. त्या वाळवंटातील झाडाझुडपांमध्ये मोकळी जमीन असते, आणि त्या मोकळेपणामुळेच वणवा पुढे सरकत नसे. परक्या गवताने ती जागा भरून काढली आणि ज्वाळांना वाट मिळाली. आगीनंतर गवत पुन्हा फुटते, पण पहिली फांदी धरायलाच साधारणपणे ५० वर्षांहून अधिक काळ घेणारा सग्वारो निवडुंग होरपळला की सहसा सावरत नाही.

वाळवंटातील गवत लावणाऱ्याची जबाबदारी म्हणूनच पाणी घालण्यापुरती उरत नाही. ते गवत कोणत्या भूमीचे आहे आणि त्याची आगीशी कोणती ओळख आहे, हे रोप हाती घेण्यापूर्वी जाणून घेणे हीच त्याच्या जोपासनेची पहिली पायरी होय.